पोटदुखीच्या सतरा नोंदी

आमच्या घराण्यात गेल्या सहा पिढ्यांत कुणीही खोटा कागद लिहिलेला नाही. हे विधान बाबा इतक्या गंभीरपणे करतात की ऐकणारा खुर्चीत आपोआप सरळ बसतो. पहिल्या चार पिढ्यांचे कागद वाळवीने खाल्ले, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध पुरावाच उरलेला नाही, हे मी लहानपणी एकदा बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी मला दुसऱ्यांदा आमटी वाढली गेली नाही.

आमचे खापरपणजोबा संस्थानच्या पागेत दफ्तरदार होते. कोणत्या घोड्याला काय झालं, काय दिलं आणि गुण आला की नाही, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. घरात हा इतिहास सांगताना घोडे गळतात. "दरबारचं वैद्यकीय दफ्तर आपल्याकडे होतं," एवढंच सांगितलं जातं.

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घोडे त्यांच्या वाट्याला आले नाहीत, म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. लांबोडक्या, लाल कापडी पाठीच्या एका वहीत घरातल्या प्रत्येकाची पानं आहेत. तारीख, तक्रार, उपाय, गुण असे चार रकाने. माझ्या पानांवर गोवर आहे, दोनदा मुरगळलेला पाय आहे, आणि बी.ए.च्या परीक्षेच्या दिवशीचा ताप आहे, ज्याच्यापुढे 'गुण: परीक्षा पुढे ढकलल्यावर' असं लिहिलेलं आहे. माझं लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले तरी माझी पानं चालू आहेत. शिंक आली तर मी तिकडे जायचं टाळते.

तर अशा घरात विम्याचे नियम बदलले.

बाबांनी ती बातमी पेपरातून आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. पूर्वी पासष्टी उलटलेल्या माणसाला आरोग्य विम्याची नवी पॉलिसी मिळायची मारामार होती. आता वयाची अट गेली. आधीपासून असलेल्या आजाराला चार वर्षं थांबावं लागे, ते आता जास्तीत जास्त तीन. उपचाराआधी कंपनीकडे मंजुरी मागितली तर तासाभरात हो की नाही ते सांगायचं.

"शहाण्यासारखा नियम झाला," बाबा म्हणाले.

"आधी वेड्यासारखा होता, तेव्हा नाही काही बोललात," आई म्हणाली. ती शेंगा सोलत होती.

बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, आई सदुसष्ट. दोघांची मिळून एक पॉलिसी घ्यायची ठरली. इंदूरच्या आमच्या सुदामा नगरातल्या निम्म्या घरांचे विमे ज्याच्याकडे होते, त्या एजंटला बोलावलं. हा पूर्वी पाण्याचे फिल्टर विकायचा. आमच्याकडचा फिल्टर अजून चालतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

चैत्रगौरीचे दिवस होते, म्हणून आक्का आलेल्या होत्या. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहतात स्नेहलतागंजमध्ये, म्हणजे रिक्षाने अर्धा तास, पण येताना वळकटी घेऊन येतात आणि चार दिवस राहतात. चैत्रगौर, महालक्ष्म्या आणि दिवाळी असा वर्षातून तीनदा त्यांचा मुक्काम असतो. त्या चार दिवसांत घरातल्या मिठापासून माझ्या नवऱ्याच्या नोकरीपर्यंत सगळ्याची तपासणी होते.

एजंटने फॉर्म उघडला. आजारांच्या यादीपुढे त्याने आधीच पेन्सिलीने सगळीकडे 'नहीं' लिहून आणलं होतं.

"काकाजी, बस इसके ऊपर पेन फेर दो और साइन मार दो. बीपी-वीपी कौन पूछता है. नया नियम है, पाँच साल पॉलिसी चल गई तो फिर कंपनी बोल ही नहीं सकती कि आपने छुपाया था. सीधा फ्रॉड पकड़े तो बात अलग."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे खोटं पाच वर्षं मुरलं की खरं होतं? लोणच्यासारखं?"

"अब आप अचार ही समझ लो."

"भिया, आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत..."

एजंटने घड्याळाकडे पाहिलं. त्याला हे नवीन असलं तरी आम्हाला कितव्यांदा होतं ते मी मोजणं सोडलं आहे. बाबांनी कपाटातून लाल पाठीची वही काढली. फॉर्ममध्ये आजारांसाठी चार ओळी होत्या. बाबांनी 'सोबत परिशिष्ट जोडले आहे' असं लिहिलं आणि परिशिष्ट लिहायला बसले.

आक्का शेजारी बसून देखरेख करत होत्या. "लिही, सगळं लिही. हिचं पोट लिहिलंस का? हिचं पोट तर नेहमीच दुखतं. मी येते तेव्हा तेव्हा बघतेच आहे मी."

आई उठून चहा करायला आत गेली. चहा नुकताच झाला होता.

बाबांनी वहीतून तारखा उतरवून घेतल्या. पोटदुखी, सतरा वेळा. एजंट ते पाहत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू फिल्टर विकत होता त्या दिवसांची आठवण आल्यासारखा होत गेला.

पॉलिसी मिळाली. कंपनीने बाबांचा प्रामाणिकपणा शब्दशः स्वीकारला होता. आईच्या नावापुढे आधीपासूनच्या आजारांची यादी छापून आली, आणि त्या सगळ्यांना छत्तीस महिन्यांचा प्रतीक्षाकाळ. रक्तदाब, गुडघे, मान, पोटदुखी, पित्त, धुळीची ॲलर्जी, डोकेदुखी. मी ती यादी वाचून म्हटलं, आईला आता वहीत नसलेला, एखादा कोराच आजार व्हायला हवा.

"बघते प्रयत्न करून," आई म्हणाली.

पॉलिसीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. थंडी सरत आली होती. एका संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता अचानक वाकली आणि तशीच राहिली. घाम फुटला होता. ती काही बोलेना, यावरूनच मला कळलं की हे वेगळं आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दुर्बिणीचं आहे, साधं आहे, पण फार दिवस ठेवू नका. एखादा खडा नळीत सरकला तर मग ते साधं राहणार नाही. तोवर तेल-तूप बंद.

तेल बंद म्हणजे शेव बंद. इंदूरमध्ये माणसाची शेव बंद करणं म्हणजे त्याला तडीपार केल्यासारखंच आहे. आई सकाळी नुसते पोहे खायची आणि प्रत्येक घासाला बाबांकडे बघायची.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पॉलिसीची फाइल काखेत मारून, आम्हा दोघींना घेऊन रुग्णालयाच्या विमा काउंटरवर गेले. मंजुरीची विनंती गेली त्या क्षणी त्यांनी घड्याळ पाहिलं. तासाभरात उत्तर यायला हवं होतं. बावन्नाव्या मिनिटाला आलं. पूर्वी नकार यायला चार-चार दिवस लागत असत.

"नियम पाळला मात्र," बाबा म्हणाले. मग त्यांनी उत्तर वाचलं.

आपल्याच घोषणापत्राच्या परिशिष्टानुसार रुग्णास अनेक वर्षांपासून पोटदुखीचा त्रास असून सतरा प्रसंग नमूद आहेत. सबब हा आजार पूर्वीपासूनचा असून प्रतीक्षाकाळ पूर्ण झालेला नाही.

आम्ही रिक्षाने परत निघालो. राजमोहल्ल्याच्या सिग्नलला आई म्हणाली, "माझं पोट दुखायचं तेव्हा शेक द्यायला कुणी यायचं नाही. लिहायला मात्र यायचे."

मी म्हटलं, पैसे मी भरते, उद्याच दाखल होऊ. बाबा म्हणाले, मी भरतो. आईने दोघांनाही नकार दिला.

"मग पॉलिसी काय फ्रेम करायला घेतली? दोन वर्षं ऐकून राहिले मी, नियम असा झाला, नियम तसा झाला. होऊ दे आता त्या नियमाचं काहीतरी. तोवर मी ॲडमिट होणार नाही."

"आई, खडा सरकला तर?"

"तर तुझ्या बाबांना लिहायला अठरावी नोंद."

 चार दिवसांनी दुपारी आईला दुसरी कळ आली, पहिलीपेक्षा मोठी. इंजेक्शन देऊन कळ थांबली. पण ती थांबेपर्यंतचा पाऊण तास बाबा पलंगाच्या कडेला आईचा हात धरून बसले होते. वही समोरच्या कपाटात होती. त्यांनी एक-दोनदा कपाटाकडे पाहिलं, पण उठले नाहीत. मला आठवतं तसं, घरात कुणी आजारी असताना त्यांच्या हातात पेन नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

एजंटला बोलावलं. "मैंने तो पेंसिल से लिख के दिया था, काकाजी," एवढं बोलून त्याने मन मोकळं केलं आणि मग तो कामाला लागला. त्याच नव्या नियमांत होतं की आता दावा असा कुणा एकाच्या लहरीवर नाकारता येत नाही. कंपनीतल्या समितीने तपासून मगच नाकारायचा. मंजुरी नाकारली तरी फेरतपासणी मागता येते.

'समिती' हा शब्द ऐकून बाबांच्या अंगात जीव आला. त्यांनी चार पानी अर्ज लिहिला, कलमवार, उपकलमांसह. खापरपणजोबा दुसऱ्या कलमात होते. एजंटने ते कलम गाळून उरलेलं पाठवलं. घरात दोन दिवस बाबा वेगळ्याच आवाजात बोलत होते. हिच्या पित्ताशयावर समिती बसली आहे, असं त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं.

समिती काही आमच्याकडे आली नाही. तिने एक तपासनीस पाठवला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, आणि चेहरा इतका थकलेला की आईने विचारायच्या आधी त्याला पाणी दिलं. तो आला तेव्हा आक्काही घरात होत्या. त्या आजारी भावजयीला बघायला साबुदाण्याच्या पापड्या घेऊन आल्या होत्या. तळलेल्या.

तपासनीसाने वही मागितली. बाबांनी ती दोन्ही हातांनी दिली. तो आईची पानं चाळत राहिला, आणि एका ठिकाणी मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"माताजी, ये सत्रह बार दर्द लिखा है. और हर बार या तो दिवाली है, या गणपति के दिन हैं, या चैत्र का महीना. दर्द त्योहार देख के आता था क्या?"

 आईने पदर नीट केला. तिच्यासमोर दोन वाटा आहेत हे मला दिसत होतं. हो म्हटलं तर अजून वर्षभर ते खडे पोटात घेऊन फिरायचं. नाही म्हटलं तर आक्का समोरच्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या होत्या.

"दर्द नहीं था," आई म्हणाली.

"काय?" बाबा.

"नव्हतं दुखत. एकदाही नाही. आत्ता दुखतंय ते पहिल्यांदा."

"अगं, पण तू सांगायचीस. तुझ्या तोंडून ऐकून लिहिलंय मी."

"सांगायची. दुखत नव्हतं."

तपासनीसाने टॅब्लेटवरून मान वर केली. "तो फिर बोलती क्यों थीं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता. तिने थोडा विचार केला.

"लेटने के लिए," ती म्हणाली. "घर में मेहमान रहते थे. सकाळी सहाला उभी राहिलेली बाई, भैया, दुपारी तीनला पण उभीच. थकले म्हटलं तर कोई नहीं सुनता. पेट दुखता है बोलो, तो बोलते हैं, जा, पड़ जा थोड़ी देर."

मेहमान कोण, ते तिने सांगितलं नाही. आम्ही तिघंही आक्कांकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की तपासनीस थेट आक्कांकडेच बघायला लागला.

आक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. "बरोबर बोल रही है," त्या म्हणाल्या. "मैं गवाह हूँ."

"तू?" बाबा म्हणाले.

"मला माहीत होतं. त्या महालक्ष्म्यांना, दुपारी, तू सगळ्यांना सांगून राहिला होतास की हिचं पोट दुखतंय, आवाज करू नका. मी पाणी प्यायला आत गेले. ही ओट्याशी उभी राहून श्रीखंड खात होती. दुखणारं पोट दोन वाट्या श्रीखंड खात नाही."

"दीड," आई म्हणाली.

"दीड. पण मोठी वाटी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू लिहीत होतास." आक्का तपासनीसाकडे वळल्या. "और फॉर्म में भी मैंने ही लिखवाया. मला वाटलं, कंपनीचं नाव काढल्यावर तरी ही कबूल करेल. ही चहा करायला गेली."

तपासनीसाने टॅब्लेटवर काहीतरी टिपून घेतलं. मग त्याने विचारलं की पॉलिसीच्या आधीची पोटाची एखादी तपासणी आहे का. आई उठली, आपल्या कपाटातल्या साड्यांखालून एक पाकीट घेऊन आली. पॉलिसीच्या आदल्या वर्षी कॉलनीतल्या आरोग्य शिबिरात तिने मैत्रिणींबरोबर सोनोग्राफी करून घेतली होती. पित्ताशय स्वच्छ, एकही खडा नाही.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. "हे मला कधी दिलं नाहीस."

"त्यात काहीच निघालं नव्हतं. तुमच्या वहीत त्याला रकाना नाही."

तपासनीस म्हणाला, हा कागद आणि माताजींचं लेखी निवेदन, दोन्ही लावून पाठवा. निवेदन अर्थातच बाबांनी लिहिलं. 'मी, खाली सही करणार, असे जाहीर करते की परिशिष्टात नमूद सतरा प्रसंगी माझे पोट दुखत नव्हते. दुखत असल्याचे मी केवळ सांगत असे.' खाली आईची सही, साक्षीदार म्हणून आक्कांची. आक्कांनी सही करताना पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि सासरचं नाव घातलं. जागा संपल्यावर त्या समासात गेल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून वही घेऊन बसले. लाल शाईने एकेका नोंदीवर आडवी रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं: 'नोंद असत्य. रद्द.' खाली सही आणि तारीख. सतरा वेळा. दुपारचं जेवण होईपर्यंत ते काम पुरलं. त्या पानांच्या प्रती अर्जाला जोडल्या गेल्या. मी समोर बसून वाटाणे सोलत होते. सहाव्या पिढीबद्दल काही बोलावं असं तोंडाशी आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं. शिवाय मला रात्री तिथेच जेवायचं होतं.

आठवड्याने मंजुरी आली. डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले, बाबांनी त्यावर चिठ्ठी लावली. घरी सोडायच्या दिवशी तीन तासांच्या आत सुटका व्हायला हवी असा आणखी एक नवा नियम आहे. बाबांनी तो काउंटरवर वाचून दाखवला. दोन तास पन्नास मिनिटं लागली, त्यांतली वीस वाचण्यात गेली. एजंट पेढे घेऊन आला. आईने एक खाल्ला आणि शेवेची चौकशी केली.

आईला विश्रांती मिळावी म्हणून आक्का आपण होऊन राहायला आल्या. वळकटी घेऊन. पहिले दोन दिवस बरे गेले. आक्कांनी डब्यांच्या जागा बदलल्या, आईने त्या बदलू दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, आमटीत गूळ किती असावा यावर आक्का बोलत असताना, आई म्हणाली की तिचं डोकं दुखतंय, आणि आत जाऊन पडली.

आक्का बोलायच्या थांबल्या. मग त्यांनी पदर खोचला, स्वयंपाकघरात गेल्या आणि उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या.

बाबांनी कपाटातून वही काढली. आईच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. पेनचं टोपण काढलं, तारीख घातली, आणि तिथेच थांबले. मग त्यांनी विचारलं, "खरंच दुखतंय का?"

आईने डोळे उघडले नाहीत. "लिहा," ती म्हणाली.

बाबांनी लिहिलं. डोकेदुखी पॉलिसीच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे. तिचा प्रतीक्षाकाळ संपायला अजून चौदा महिने आहेत.